हानाओका सेइशू

सोलापूरच्या तळ्यातील सिद्धेश्वराच्या दर्शनास निघालेल्या भाविकाच्या परडीत बेलाच्या पानांबरोबर पुष्कळदा धोतऱ्याचे पांढरे फूल असते. हे झाड सहसा कोणी लावीत नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला ते आपोआप वाढते. वांगे, मिरची व टोमॅटो यांच्याच कुळातील हे झाड. परंतु त्याचे पान, फूल, बी, सारेच विषारी. पूर्वी वाटमारे प्रवाशांच्या अन्नात धोतऱ्याचे बी मिसळून त्यांना बेशुद्ध करीत व लुटीत. याच विषापासून एका जपानी वैद्याने रुग्णांच्या वेदना हरण करणारे औषध सिद्ध केले. त्याचे नाव हानाओका सेइशू.

सेइशूचा जन्म १७६० साली जपानमधील हिरायामा या खेड्यात एका वैद्याच्या घरी झाला. १७८२ मध्ये तो क्योतो नगरीत गेला. तेथे तीन वर्षे राहून त्याने चिनी परंपरेचे वैद्यक आणि डच व्यापाऱ्यांच्या मार्गाने जपानात आलेली युरोपीय शस्त्रक्रिया, या दोन्ही विद्या आत्मसात केल्या. त्या काळी शस्त्रक्रिया म्हणजे मरणप्राय यातना. रुग्णाला बळाने धरून ठेवावे आणि त्याच्या आक्रोशाकडे कान न देता शस्त्र चालवावे, अशी रीत होती. प्राचीन चीनमध्ये ह्वा तुओ नावाचा वैद्य रुग्णास औषधाने निद्रिस्त करून शस्त्रक्रिया करी, अशी कथा सेइशूने ऐकली होती. पण त्या औषधाची कृती केव्हाच लुप्त झाली होती. ती नव्याने शोधण्याचा त्याने निश्चय केला.

त्याची मुख्य वनस्पती होती धोतरा. जपानी भाषेत तिला मंदारागे म्हणतात. संस्कृतातील मांदारव हा शब्दच बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे पोचला! धोतऱ्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे असतात. ती मज्जातंतूंचे काही संदेश अडवितात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो आणि शुद्ध हरपते. मात्रा वाढली तर प्राणही जातो. हेच ॲट्रोपीन आज रुग्णालयात काही कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या शेतकऱ्यास टोचून त्याचा जीव वाचवितात. सेइशूच्या काळी ही द्रव्ये कोणी वेगळी काढलेली नव्हती. त्याच्यापाशी होती केवळ पाने, मुळ्या आणि अनुभव. त्याच्या मिश्रणात बचनागाच्या जातीचे आणखी एक जहाल विषही होते.

सुमारे वीस वर्षे त्याने प्रयोग केले. आधी मुक्या प्राण्यांवर औषध पाजून पाहिले. परंतु माणसावर ते किती द्यावे, हे प्राण्यांवरून कसे कळणार? तेव्हा त्याची आई ओत्सुगी आणि पत्नी काए या दोघी पुढे आल्या, असे सांगतात. औषध पुनःपुन्हा घेतल्याने काएची दृष्टी गेली. ती कायमची अंध झाली. सेइशूने प्रयोग सोडले नाहीत. त्या घरात हा निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१३ ऑक्टोबर १८०४ रोजी साठ वर्षांची एक स्त्री त्याच्यापुढे निजली होती. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि याच रोगाने तिच्या बहिणी गेल्या होत्या. सेइशूने तिला औषध पाजले. काही वेळाने ती गाढ निद्रेत गेली आणि त्याने गाठ कापून काढली. ती शुद्धीवर आली, घरीही परतली. मात्र काही महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. पुढे सेइशूने अशा दीडशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्याच्याकडे शिकण्यास दूरदूरचे शेकडो विद्यार्थी आले.

या विद्यार्थ्यांना औषधाची कृती गुप्त ठेवण्याची शपथ घ्यावी लागे. अननुभवी हाती हे विष पडू नये, हे खरे. पण त्यामुळे ज्ञानही बंदिस्त झाले. जपानची दारे त्या वेळी बहुतेक परकीयांना बंद होती. १८४६ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रिया झाली आणि तिची वार्ता जगभर पसरली. बेचाळीस वर्षांपूर्वीची हिरायामाची शस्त्रक्रिया तेव्हा पाश्चात्त्य वैद्यांना ठाऊकच नव्हती.

काए १८२९ साली वारली. सेइशूने १८३५ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, हिरायामातच देह ठेवला.