ॲडमिरल फिट्झरॉय

वादळ उठावें, जहाजें बुडावीं आणि माणसांनीं तो दैवाचा कोप म्हणून सोसावा, ही पूर्वीची रीत. ती मोडूं पाहणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही थोडक्यांत देतों.

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म १८०५ सालीं इंग्लंडांत झाला. बाराव्या वर्षीं ते आरमारी विद्यालयांत गेले. डार्विनसाहेबांस पृथ्वीप्रदक्षिणा घडविणाऱ्या बीगल जहाजाचे कप्तान तेच. १८५४ मध्यें सरकारनें त्यांच्याकडे हवामानखातें सोंपविलें.

१८५९ च्या आक्टोबरांत रॉयल चार्टर हें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटून सुमारें ४५० माणसें मेलीं. तेव्हां फिट्झरॉय यांनीं किनाऱ्यावरील ठाण्यांहून हवेचा दाब व वारा यांच्या नोंदी तारेनें मागविण्याची योजना केली. वादळापेक्षां तार लवकर पोंचते, हें तिचें मर्म. १८६१ पासून बंदरांत शंकु व पिंपें उंच चढवून खलाशांस इशारा मिळूं लागला.

अंदाज चुके तेव्हां वर्तमानपत्रें हंसत, शास्त्रज्ञ दोष देत. पदरचा पैसाहि लोककार्यांत सरला. मनोव्याधीनें ग्रासून १८६५ च्या एप्रिलांत त्यांनीं आपल्याच हातें जीवनयात्रा संपविली. पुढल्या वर्षीं इशारे बंद झाले. परंतु त्यांवांचून समुद्रावरील लोकांचें चालेना, म्हणून १८६७ मध्यें ते पुन्हां सुरू झाले.

कोंकणच्या बंदरांत वादळाचा बावटा चढतो, तेव्हां विद्यार्थ्यांनीं या पुरुषाचें स्मरण करावें. चुकीबद्दल हंसूं होईल म्हणून त्यांनीं इशारा देणें टाळलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.