ॲक्रनचा दूरध्वनी

ज्याने हयातभर आपले आडनाव झाकून ठेवले त्याचे चरित्र लिहायचे म्हणजे थोडे संकोचाचेच काम. परंतु बिल विल्सन जाऊन आता अर्धशतक उलटले आहे आणि त्याचे पूर्ण नाव मृत्यूनंतर वृत्तपत्रांनी जगजाहीर केले आहे. तेव्हा ते घ्यायला हरकत नसावी.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ईस्ट डॉर्सेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी तो जन्मला, तोही आजीच्या हॉटेलात, बारच्या मागच्या खोलीत! आईवडील विभक्त झाले आणि पोर आजोळी वाढले. ऑस्ट्रेलियाबाहेरच्या माणसाला बूमरँग करता येत नाही असे आजोबा म्हणाले, तर पठ्ठ्याने महिनोन् महिने लाकडे तासून ते करून दाखविले. असला हा हट्टी मुलगा मनातून मात्र फार बुजरा होता. १९१७ साली सैन्यात असताना एका मेजवानीत त्याच्या हाती पेला आला आणि तो बुजरेपणा गळून पडला. पुढचे आपल्याला ‘एकच प्याला’मुळे पाठच आहे. सुधाकराची सनद गेली. बिलने कायद्याचे शिक्षण घेतले, पण पदवीचा कागद काही घरी आणला नाही. शेअर बाजारात पैसा मिळविला, तो १९२९ च्या कोसळणीत गेला. पत्नी लोइस दुकानात नोकरी करून घर चालवी. १९३३-३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स इस्पितळात तो चारदा दाखल झाला. तेथील डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला प्रथमच सांगितले, की हा स्वभावदोष नसून आजार आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये त्याची दारू सुटली. एबी थॅचर हा जुना पिणारा मित्र धार्मिक मंडळींच्या संगतीने सुधारून त्याला भेटला होता, आणि इस्पितळात बिलला एका प्रखर प्रकाशाचा अनुभव आला. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मला महत्त्वाचे वाटतात ते पुढचे पाच महिने. या काळात तो दारुड्यांना गाठी, घरी आणी, त्यांच्यापुढे आपल्या साक्षात्काराचे प्रवचन करी. एकही जण सुधारला नाही. हताश झालेल्या नवऱ्याला लोइसने दाखवून दिले, की तो स्वतः तर प्यालेला नाही.

मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतील ॲक्रन शहरी गेला. काम फसले, खिशात जेमतेम पैसे, आणि मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एका अंगाला बारमधले हसणेखिदळणे, दुसऱ्या अंगाला दूरध्वनी आणि चर्चांची यादी. तो यादीकडे वळला. दारुड्याचा दूरध्वनी बहुधा उसनवारीसाठी असतो. याला हवा होता दुसरा एक दारुडा! एका पाद्र्याने नावे दिली, आणि अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंनी आपल्याकडे डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची गाठ घालून दिली. दिवस होता १२ मे. डॉक्टर केवळ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले, आणि उठले ते रात्री अकरा वाजून गेल्यावर. या खेपेस बिलने प्रवचन केले नाही. स्वतःची कर्मकथा सांगितली, आणि आपण आपल्या गरजेपोटी आलो आहोत हे कबूल केले. पुढे डॉक्टर एकदा घसरले. पण १० जूननंतर त्यांनी थेंबाला शिवले नाही. तीच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची स्थापनातिथी मानतात. लगोलग दोघे इस्पितळात तिसऱ्याच्या उशाशी जाऊन बसले.

माझे एक काका अशा मीटिंगला जातात. नाव सांगत नाही. तेथला नियमच तसा आहे. दवाखान्यातून आणलेला नंबर काकूंनी फिरविला आणि त्याच संध्याकाळी दोन अनोळखी गृहस्थ घरी आले. उपदेश करणार म्हणून आम्ही सारे तयारीत, तर ते आपापल्याच फजितीच्या गोष्टी सांगून काकांना बरोबर घेऊन गेले. तेथे फी नाही. जमेल ते डब्यात टाकायचे. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासद होण्याची अट. एक बोलतो, बाकीचे मधे न बोलता ऐकतात. बरे झाल्यावरही काका का जातात, हे मला कळत नसे. ॲक्रनची हकीकत वाचल्यावर कळले.

१९३९ साली संघटनेच्या नावाचाच ग्रंथ निघाला. त्यातल्या बारा पायऱ्या बिलने लिहिल्या. १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ने लेख छापला आणि वर्षअखेर सभासद दोन हजारांचे आठ हजार झाले. लोइसने १९५१ साली पिणाऱ्यांच्या नातलगांसाठी ‘अल-अनॉन’ उभी केली, हे मला तितकेच मोठे वाटते, काकूंना विचारावे. बिल संत मुळीच नव्हता. दारू सुटल्यावरही वर्षानुवर्षे खिन्नतेने त्याला ग्रासले, १९५६ मध्ये त्याने एलएसडीसुद्धा घेऊन पाहिले, आणि सिगारेट तर अगदी उशिरापर्यंत सुटली नाही. पण येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्याने १९५४ मध्ये नाकारली, आणि पुढल्याच वर्षी सेंट लुईसच्या अधिवेशनात सूत्रे सभासदांच्या हाती दिली.

२४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, तो फुप्फुसांच्या विकाराने गेला. ईस्ट डॉर्सेटच्या दफनभूमीत त्याचा साधा दगड आहे. त्यावर संघटनेचा उल्लेखही नाही. येणारे लोक आपापल्या दारूमुक्त वर्षांची नाणी तेथे ठेवून जातात.