नानाभाई मूस : ट्राम येण्याआधी वेधशाळा हलवणारे शास्त्रज्ञ

नाशिकहून शाळेची सहल अलिबागला गेली की कुलाबा किल्ला बघून होतो, मुलं वाळूत खेळतात आणि गाडी परत फिरते. त्याच गावात १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवणारी वेधशाळा आहे. ती तिथे नेणारे नानाभाई मूस मुलांना सांगायलाच हवेत.

नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजी पारशी कुटुंबात झाला. गंमत म्हणजे, त्याच सप्टेंबरात पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं होतं आणि मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत ते नोंदलंही गेलं होतं. पुणे आणि एडिंबरोला शिकून नानाभाई एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ मध्ये ते याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

तिथे चुंबक बारीक तंतूने टांगलेला असे, त्याला छोटा आरसा. आरशावरून येणारा प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटोच्या कागदावर रेघ काढी. क्षेत्र जरासं बदललं की चुंबक किंचित वळणार, रेघ हलणार. जवळपास लोखंड चालायचं नाही.

अशात मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरू लागलं. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, हे आपण वर्गात तार आणि होकायंत्र घेऊन दाखवतोच. ट्रामची वीज रुळांतून परत जाताना थोडी जमिनीतही झिरपते. त्यात ट्राम कधी धावते, कधी थांबते, मग तिचा परिणाम वजा तरी कसा करणार? १८४० च्या दशकापासून चाललेली नोंद निकामी झाली असती.

नानाभाईंनी वेधशाळेचं चुंबकीय काम सुमारे ३० किलोमीटरवर अलिबागला नेलं. इमारत पोरबंदरी दगड, सागवान, तांबं आणि पितळ वापरून बांधली.

पण माझ्या मते खरी हुशारी पुढेच आहे. दोन गावांची मापं सारखी येत नाहीत. एक जागा बंद करून दुसरी सुरू केली असती, तर जुने आकडे नव्यांशी जुळलेच नसते. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं आणि फरक काढला. ट्राम धावली १९०७ मध्ये!

१९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदींचे दोन खंड प्रसिद्ध केले. अनेक वादळं एकत्र मांडून त्यांनी दाखवलं की क्षेत्राचा आडवा घटक आधी थोडा वाढतो, मग बराच घसरतो आणि हळूहळू सावरतो. १९३६ मध्ये ते वारले. अलिबागची नोंद अजून चालू आहे.