विल्यम हेन्री साईक्स

विल्यम हेन्री साईक्स (२५ जानेवारी, १७९० - १६ जून, १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ व निसर्गअभ्यासक होते. दख्खनच्या नद्यांतील माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन करणारे म्हणून त्यांची विशेष ओळख आहे.

त्यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०४ साली ते कंपनीच्या सेवेत दाखल झाले. भरतपूरचा वेढा आणि खडकी व पुण्याच्या लढायांत त्यांनी भाग घेतला. मराठी व हिंदुस्तानी त्यांना उत्तम अवगत होत्या. पुढील कामाच्या दृष्टीने हे भाषाज्ञान त्यांच्या सैनिकी कारकिर्दीपेक्षा अधिक मोलाचे ठरले.

== दख्खनची पाहणी ==

१८२४ साली गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी प्रतिवेदक नेमले. शेती, जमीनधारा, लोकसंख्या आणि हवामान यांची माहिती गोळा करीत ते दख्खनभर फिरले. डिसेंबर १८२९ मध्ये हे खाते बंद झाले, तरी काम पुरे करण्यासाठी ते जानेवारी १८३१ पर्यंत थांबले. जुन्नरजवळील बौद्ध लेण्यांतील शिलालेखांच्या नकला त्यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केल्या. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर त्यांना वर्तुळाकार इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, दिसले होते. त्यासाठी १८३५ हे साल सांगितले जाते, पण ते हवामानविषयक निबंध छापल्याचे वर्ष आहे; तोपर्यंत साईक्स भारतातून परतले होते.

== नद्यांतील मासे ==

आंबेगाव तालुक्यात उगम पावणारी घोड, तिला शिरूर तालुक्यात मिळणारी जुन्नरची कुकडी आणि पुढे भीमा या नद्या पावसाळ्यानंतर संथ होतात व खोल डोहांत पाणी धरून राहतात. अशा नद्यांतील माशांवरील त्यांचा निबंध १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने प्रसिद्ध केला. चित्रांसह विस्तृत आवृत्ती १८४१ मध्ये निघाली.

या निबंधात साईक्स यांनी अनेक जातींना मराठी नावेच दिली. शिंगटी, शिंगाळा, घोगरा ही नदीकाठच्या मासेमारांच्या तोंडची नावे अशा रीतीने लॅटिन जातिनामांत गेली. काही जाती मात्र त्यांनी यॅरेल, ऑगिल्बी, व्हिगर्स अशा प्राणिशास्त्रज्ञांच्या नावे केल्या. इंग्लंडमधील गळाच्या शौकिनांना ट्राउटचे जे वेड, तेच भारतात महसीरचे. त्यांपैकी दख्खनचा महसीर, टॉर खुद्री, पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतील माशावरून साईक्स यांनीच वर्णिला.

== मुसुल्लाचा घोळ ==

शिरूरजवळच्या घोड नदीतील एका मोठ्या माशाला त्यांनी बार्बस मुसुल्ला असे नाव दिले. वर्णन त्रोटक होते आणि मूळ नमुना आज उपलब्ध नाही. त्यामुळे घोडेच्या माशाचे हे नाव पुढे दूरच्या कावेरीतील मदारीच्या महसीरला चिकटले. हिप्सेलोबार्बस मुसुल्ला हा महसीर नव्हे, हे एकविसाव्या शतकातील संशोधनातून स्पष्ट झाले; कावेरीच्या माशाची टॉर रेमादेवी ही ओळख २०१८ मध्ये निश्चित झाली. तोवर घोड नदीवर डिंभे आणि कुकडीवर माणिकडोह, येडगाव ही धरणे उभी राहिली होती. साईक्स यांनी पाहिलेला प्रवाह तेव्हा उरला नव्हता.

== उत्तरायुष्य ==

साईक्स १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य, १८४० मध्ये कंपनीचे संचालक आणि १८५७ मध्ये ॲबर्डीनचे संसद सदस्य झाले. मृत्यूपर्यंत ते संसदेत होते. लंडन येथे त्यांचे निधन झाले.