मलिक अंबर आणि त्याचे पाणी

शहाजीराजांच्या गोष्टीत मलिक अंबरचे नाव येते. तो निजामशाहीचा वजीर होता. पण तो आपल्या मुलखातला नव्हता. त्याचा जन्म सुमारे १५४८ साली इथिओपिया देशात झाला. हा देश आफ्रिका खंडात आहे. तिकडच्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत. त्याचे घरचे नाव चापू होते.

तो लहान असतानाच त्याला गुलाम म्हणून विकले. बाजारात बैल विकतात तशी तेव्हा माणसे विकत. मालक सांगेल तेच गुलामाने करायचे. एकाने घ्यायचे, दुसऱ्याला विकायचे, असे होत होत चापू बगदाद शहरात आला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे त्याला दख्खनमध्ये आणले. अहमदनगरच्या निजामशहाचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. गंमत म्हणजे हा चंगीझखानसुद्धा आधी हबशी गुलामच होता. त्याच्याजवळ राहून अंबर राज्यकारभार शिकला. चंगीझखान वारल्यावर अंबर मोकळा झाला.

मग त्याने थोडे थोडे घोडेस्वार जमवले. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही आता बुडणार असे वाटत होते. पण अंबरने त्या घराण्यातला वारस शोधून त्याला परांड्याला गादीवर बसवले आणि कारभार आपण बघू लागला. मोगलांची फौज लई मोठी. म्हणून तो समोरून लढत नसे. डोंगरातून एकदम छापा घाली आणि त्यांची रसद तोडी. यालाच गनिमी कावा म्हणतात. त्याच्या फौजेत पुष्कळ मराठे होते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. मोगल आणि आदिलशहा एक झाले होते, तरी अंबर जिंकला. त्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी अंबरच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले.

जहांगीर बादशहाला अंबर कधीच सापडला नाही. म्हणून त्याने एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बाण मारतो आहे. खरे तर तसे कधी झालेच नाही! अंबर म्हातारा होऊन १६२६ साली वारला.

लढाईपेक्षा मला त्याचे दुसरे काम जास्त आवडले. १६१० साली त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. लोक राहायला आले, पण एवढ्या लोकांना पाणी कुठले? अंबरने उत्तरेच्या डोंगराकडचे पाणी जमिनीखालून नहर खणून शहरात आणले. नहर म्हणजे पाण्याचा पाट, पण हा पाट जमिनीच्या पोटातून जातो. मधूनमधून वर तोंडे ठेवली होती. त्यातून माणूस आत उतरून गाळ काढी. मोटर नाही, वीज नाही, नुसत्या उतारावरून पाणी शहरात येई आणि हौदात पडे. पाणचक्की मात्र अंबरची नाही, ती त्याच्यानंतर १०० वर्षांहून जास्त काळाने झाली.

यंदा आमची सहल खुलताबादला गेली. तिथे मलिक अंबरची कबर आहे. इमारत दगडी, चौकोनी असून वर मोठा घुमट आहे. ती त्याने जिवंतपणीच बांधून ठेवली होती. जवळच त्याच्या बायकोची कबर आहे, ती थोडी लहान आहे. आम्ही चपला बाहेर काढून आत गेलो. आत गार वाटले. माझ्या मनात आले, याचे आईबाप कुठे पुरले असतील? ते तर समुद्रापलीकडेच राहिले. आपला चापू वजीर झाला, त्याने एक शहर वसवले, हे त्यांना कधी कळलेच नसेल.

त्या शहराची नावे पुष्कळ झाली. आधी खडकी. मग अंबरच्या मुलाच्या नावावरून फतेहनगर. मग औरंगजेबाच्या नावावरून औरंगाबाद. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. यातल्या एकाही नावात अंबर नाही. पण त्या नहरीला लोक अजून अंबरी नहर म्हणतात.

आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा सगळ्या आया हंडे घेऊन पळतात. त्यामुळे पाणी आणणाऱ्याचे नाव का राहते, हे आम्हाला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडचे पुष्कळ लोक भद्रा मारुतीला आणि वेरूळला जातात. खुलताबाद त्याच वाटेवर आहे. पालकांनी पुढच्या वेळी थोडे थांबून मलिक अंबरची कबर आपल्या मुलांना जरूर दाखवावी.

— इयत्ता ४ थी