विश्लेषण : ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक करणारे नेव्हिल डिसूझा कोण होते?

भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये शेवटचा खेळला तो १९६० मध्ये, रोमला. त्याच्या चार वर्षे आधी मेलबर्नमध्ये याच भारताने उपांत्य फेरी गाठली होती. ती गाठून देणारे तीन गोल एकाच खेळाडूचे होते. गोव्यात जन्मलेल्या, मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू मानले जातात. तरीही हे नाव आज मराठी घरांत फारसे कोणाला माहीत नाही.

जन्म परकीय राजवटीत, जर्सी भारताची

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी बार्देश तालुक्यातील आसगाव येथे झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते आणि गोव्यातील माणसे पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरत. धोबीतलाव, गिरगाव परिसरात गोव्यातील गावागावांच्या नावाने ‘कूड’ चालत. ट्रंक ठेवायला आणि वळकटी पसरायला जागा मिळाली की भागत असे. जहाजांवरचे खलाशी, आचारी, वादक, कारकून अशा या वस्तीत फुटबॉल हा घरचा खेळ होता. मुंबईच्या संघांच्या याद्यांमध्ये तेव्हा डिसूझा, फर्नांडिस, डिसिल्वा ही नावे सहज सापडत. नेव्हिल यांचे बंधू डेरेक हेही पुढे भारताकडून खेळले.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नेव्हिल मेलबर्नला गेले तेव्हा गोवा भारतात नव्हता. १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यानंतर भारताने सीमा बंद केली होती. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे हा खेळाडू जन्मगाव परकीय सत्तेखाली असताना भारतासाठी गोल करत होता.

पोट कशावर चालत होते?

आज व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटले की करार, दलाल, लिलाव असे चित्र समोर येते. १९५० च्या दशकात यातले काहीच नव्हते. मुंबईत फुटबॉल चालत असे तो कंपन्यांच्या जोरावर. टाटा, कॅलटेक्स यांसारख्या कंपन्या चांगल्या खेळाडूला नोकरी देत. हजेरीपट कंपनीचा, पगार कंपनीचा आणि संध्याकाळी कुपरेज मैदानावर कंपनीचीच जर्सी. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले आणि तेल कंपनी कॅलटेक्सच्या संघाकडूनही. कॅलटेक्सने १९५८ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगला हरवून रोव्हर्स करंडक जिंकला. कोलकाता आणि हैदराबादचे बलाढ्य संघ ज्या स्पर्धेसाठी मुंबईला येत, ती एका कंपनीच्या संघाने जिंकणे ही लहान गोष्ट नव्हती.

या व्यवस्थेमागे ऑलिम्पिकचा नियमही होता. तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. खेळण्याचे पैसे घेणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता. नोकरदार म्हणून पगार घेणारा खेळाडू मात्र हौशीच ठरत असे. पूर्व युरोपातील देशांनी हीच वाट सैन्य आणि सरकारी खात्यांतून काढली होती. भारतात ती काढली कंपन्या, पोलीस आणि सैन्यदलांनी. खेळाडूला आयुष्यभराची नोकरी मिळायची, हा त्यातला मोठा फायदा. तोटा असा, की त्याच्या खेळाची खरी किंमत कधी ठरतच नसे.

१ डिसेंबर १९५६ रोजी काय घडले?

चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. तोवर आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. संघाची सूत्रे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे होती. हे शिक्षकी पेशातले गृहस्थ डावपेचांच्या बाबतीत काळाच्या बरेच पुढे होते. कर्णधार होते समर बॅनर्जी. सोबत पी. के. बॅनर्जी, तुळसीदास बलराम, किट्टू, पीटर थंगराज अशी मंडळी होती. आघाडीच्या मध्यभागी, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागी, नेव्हिल.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. पण त्याच सुमारास सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीतील उठाव चिरडला आणि हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान ऑस्ट्रेलिया.

नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. १७ व्या मिनिटाला मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, ४१ व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. मध्यंतराला २-२. यजमानांच्या मैदानावर दोनदा आघाडी घेऊन दोनदा ती गमावलेला संघ बहुधा दुसऱ्या सत्रात खचतो. इथे उलटे झाले. ५० व्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल आला आणि ऑस्ट्रेलियाला पुन्हा बरोबरी साधता आली नाही. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल केला. भारत ४-२ ने विजयी.

हा विजय नशिबाचा होता म्हणावे, तर ऑलिम्पिक संपल्यावर सिडनीत मैत्रीपूर्ण सामना झाला. तो भारताने ७-१ असा जिंकला.

पदक का हुकले?

४ डिसेंबरला उपांत्य सामन्यात प्रतिस्पर्धी होता तोच युगोस्लाव्हिया. पहिल्या सत्रात गोल झाला नाही. ५२ व्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. हेलसिंकीच्या दहा गोलांचा हिशेब चुकता होणार असे वाटण्याचा तो क्षण दोनच मिनिटे टिकला. युगोस्लाव्हियाने बरोबरी साधली, लगेच आघाडी घेतली आणि सामना ४-१ असा जिंकला. चौथा गोल तर भारताचाच स्वयंगोल होता. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले.

त्या स्पर्धेत अकराच संघ होते आणि भारताने मैदानावर एकच सामना जिंकला, हे सांगायलाच हवे. चौथ्या क्रमांकाचा अभिमान बाळगताना हा तपशील सहसा गाळला जातो. पण त्यामुळे नेव्हिल यांची कामगिरी कमी होत नाही, उलट ठळक होते. भारताने तीन सामन्यांत पाच गोल केले, त्यातले चार त्यांचे. स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मान त्यांना बल्गेरियाचे मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच यांच्या बरोबरीने मिळाला.

आज परिस्थिती किती बदलली?

मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे आणि पुण्यातील बालेवाडी यांच्या शिवेवर शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. कुस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळशीच्या वेशीवरच व्यावसायिक फुटबॉल येऊन पोहोचला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि एफसी पुणे सिटीचे सामने इथे होऊ लागले. परदेशी खेळाडू आले, करार झाले, गॅलऱ्या भरल्या. पण पाचच हंगामांत, २०१९ मध्ये हा क्लब बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई करंडकाचे सामनेही याच मैदानावर झाले.

नेव्हिल यांच्या पिढीला कराराची रक्कम मिळाली नाही, पण क्लब बंद पडला म्हणून पगार थांबत नव्हता. आजच्या खेळाडूला किंमत मिळते, हमी मात्र हंगामापुरती. कंपन्यांच्या संघांची परंपराही आटत गेली. राष्ट्रीय विजेता ठरलेल्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. रोव्हर्स करंडक तर या शतकाच्या सुरुवातीलाच थांबला.

नेव्हिल यांचे पुढे काय झाले?

सर्वाधिक गोलांच्या यादीतील त्यांचे सोबती वेसेलिनोविच पुढे प्रशिक्षक झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी तुर्कस्तानच्या फेनरबाचे संघाला विजेतेपद मिळवून दिले. भारतात अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलमधला पहिला पुरस्कार मेलबर्नचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, दुसऱ्या वर्षी बलराम यांना. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर ऑलिम्पिकमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा भारतीय फुटबॉलपटू झालेला नाही.