डॉ. नील्स फिन्सन : सूर्यप्रकाशाला औषध बनवणारा डॉक्टर



सुट्टीत दिवसभर उन्हात हुंदडलात की हात आणि मान काळवंडतात. बाहीखालचा दंड मात्र होता तसाच राहतो. मग घरी कोणीतरी केवढा काळा झालास म्हणून ओरडतंच, हो ना? पण आपली त्वचा असं का करते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? डेन्मार्कमधल्या एका डॉक्टरांना तो पडला होता. त्यांनी तर त्यासाठी स्वतःच्याच हातावर प्रयोग केला. चला, आज त्यांची ओळख करून घेऊ.

बालपण व शिक्षण

नील्स फिन्सन यांचा जन्म १५ डिसेंबर १८६० रोजी फेरो बेटांवर झाला. ही बेटं उत्तर अटलांटिक महासागरात आहेत. हिवाळ्यात तिथला दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. नील्स लहान असतानाच त्यांची आई वारली. डेन्मार्कमधल्या शाळेत त्यांची प्रगती यथातथाच होती. पुढचे शालेय शिक्षण त्यांनी आइसलँडमध्ये घेतले आणि १८९० मध्ये कोपनहेगन येथे ते डॉक्टर झाले.

हातावरचा प्रयोग

विशीतच त्यांना एका गंभीर आजाराने गाठले. सतत थकवा यायचा. त्यांची खोली उत्तरेकडे तोंड असलेली, तिथे ऊन फारसं यायचं नाही. आपल्याला ऊन मिळालं तर बरं वाटेल का, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला.

त्यांनी हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. नंतर शाई धुतली. पट्ट्याखालची त्वचा गोरीच राहिली होती, बाकीची लाल झाली आणि पुढे काळवंडली. काही दिवसांनी त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. आता गंमत झाली! आधी झाकलेला गोरा पट्टा लालबुंद झाला, पण काळवंडलेला भाग भाजला नाही, फक्त थोडा आणखी काळा झाला.

लक्षात आलं का? त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हाची छत्री बनते. त्वचा भाजते ती मुख्यतः अतिनील किरणांनी, आणि त्यांना हे रंगद्रव्य काही प्रमाणात अडवते.

प्रकाशाचे औषध

जे किरण त्वचा भाजतात, ते रोगही बरा करतील का? त्या काळी त्वचेच्या क्षयाने माणसांचे नाक, गाल झडून चेहरा विद्रूप व्हायचा. असे रुग्ण लोकांसमोर यायलाही लाजत. फिन्सन यांनी १८९५ पासून अशा रुग्णांवर प्रकाशाचे उपचार सुरू केले. सूर्य रोज कुठला मिळायला! म्हणून त्यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा वापर केला. त्याचा प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून रोगट जागेवर सोडत आणि उष्णतेने कातडी पोळू नये म्हणून तो पाण्याने थंड करत. उपचार महिनोन् महिने चालत, पण शेकडो रुग्णांना गुण आला.

१८९६ मध्ये कोपनहेगनला त्यांची प्रकाश-उपचार संस्था उभी राहिली. १९०३ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते, त्यामुळे समारंभाला जाऊ शकले नाहीत. बक्षिसाच्या रकमेतला मोठा वाटा त्यांनी रुग्णसेवेसाठी देऊन टाकला. २४ सप्टेंबर १९०४ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इतरांना बरे करणाऱ्या प्रकाशाने त्यांचा स्वतःचा आजार मात्र बरा झाला नाही.

आपण काय शिकलो?

ऊन आपल्याला ड जीवनसत्त्व देते, हाडे बळकट करते. पण तेच ऊन अति झाले तर कातडी भाजते आणि पुढे त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. काळवंडलेल्या त्वचेची छत्रीही अपुरीच पडते. त्यामुळे उन्हात जरूर खेळा, पण भर दुपारी टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सावली विसरू नका.

आणि हो, उन्हात काळवंडलेल्या मित्राला चिडवावंसं वाटलं, तर फिन्सन यांचा हात आठवा. तो रंग म्हणजे मळ नाही, कमीपणा तर मुळीच नाही. त्वचेने स्वतःला वाचवण्यासाठी उघडलेली ती छत्री आहे.